दोन तांबे पाणी

माझ्या बढाईपायी एक माणूस मरायला टेकला होता. तो माणूस माझा सासरा. इतकी वर्षं मी ही गोष्ट हसत हसत सांगत आले, पण त्यातला बढाईचा भाग दर वेळी गाळला. आज तो गाळायचा नाही असं ठरवून बसले आहे.

सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात. आमचे मामा गावच्या सहकारी दूध सोसायटीत, म्हणजे डेअरीत, टेस्टर म्हणून दूध तपासायला बसायचे. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. लोखंडी खुर्ची, तिच्यावर घडी केलेलं पोतं, समोर टेबल आणि टेबलापुढे किटल्या घेऊन उभी असलेली गावाची रांग. संकलन सुरू झालं की शेवटची किटली रिकामी होईपर्यंत जागचं उठायचं नाही, हा त्यांचा नियम होता. त्यांच्या आधी बसणारा माणूस मध्येच चहाला उठायचा आणि तेवढ्यात कुणाकुणाच्या दुधाचे आकडे बदलायचे. एकदा त्यावरून काठ्या निघाल्या आणि अर्ध्या गावानं सोसायटीत दूध घालणंच बंद केलं. तेव्हा मामांनी खुर्ची घेतली ती याच बोलीवर, की मी उठणार नाही आणि माझ्या डोळ्याआड कुणाचं दूध तपासलं जाणार नाही. सोळा-सतरा वर्षं त्यांनी ती बोली पाळली. विंचू चावला तरी उठले नसते, असं लोक म्हणायचे, आणि खरंच उठले नसते.

मी लग्न होऊन आले ती गेवराईकडून, गोदाकाठच्या गावातून. बारावी झालेली, तोंडाची फटकळ. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात बाईमाणूस मी एकटी, त्यामुळे माझ्याशी काय बोलावं हे मामांना कळायचं नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात दुधाचं उंच भांडं ठेवलं आणि त्यात काचेची नळी सोडली. तिच्या बुडाला वजन असतं आणि वरच्या दांडीवर आकडे. दूध चांगलं असलं की ती वर तरंगते, पाणी घातलेलं असलं की खाली जाते. डेअरीत याला डिग्री लावणं म्हणतात.

"बघ माय, डोळा दुधाच्या बरोबरीला आणायचा. वरून बघितलं की चुकतं."

मी फरशीवर बसून मान वाकडी करून आकडा वाचला. अठ्ठावीस. त्यांनी नळी पुसली, पुन्हा सोडली, पुन्हा बघितली. अठ्ठावीसच होता. मला थोडा राग आला. पुढे कळलं की ते सगळ्यांचंच तसं करतात. सोसायटीचे सचिव असोत नाहीतर चेअरमन, दुसऱ्यानं वाचलेला आकडा मामा पुन्हा लावून बघितल्याशिवाय लिहायचे नाहीत. तरी त्या घरात मला पहिल्यांदा कुणी काही दिलं असेल तर ती ही विद्या. साडी-चोळी सगळ्याच सुनांना मिळते.

मग तो दुष्काळ आला. विहिरींनी तळ दाखवला, बोअर नुसते खाकरायला लागले. टँकर चार दिवसांनी यायचा. आमचे हे, म्हणजे माझा नवरा, दोन्ही म्हशी घेऊन चारा छावणीत राहायला गेले. छावणी गावापासून अर्ध्या तासाच्या चालीवर होती. घरी एक वगार, म्हणजे म्हशीची पारडी, ठेवली होती, कारण ती अशक्त होती आणि माझ्या हातानंच खायची. छावणीत जनावरांना ऊस मिळायचा. ऊस खाऊन दूध पातळ पडायचं आणि डेअरीच्या रांगेत रोज कुणीतरी दुसऱ्याकडे बोट दाखवायचं. अशा दिवसांत मामांची खुर्ची म्हणजे सोसायटीचा खांब होती. ते बसलेले आहेत म्हणून भांडण तोंडावरच थांबायचं, हातावर येत नव्हतं.

त्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की मामांचा तांब्या रिकामा होत नाही. पूर्वी दिवसाला पाच-सहा तांबे लागायचे. आता सकाळी एक भरला की दुपारपर्यंत पुरायचा आणि दुसरा झोपेपर्यंत. मी विचारलं, तर म्हणाले, "वगारीला घाल माय. मला लागत न्हाई."

माझा ऊर भरून आला. गोदाकाठची पोर मी, पाण्यासाठी इतकं मन मारणारा माणूस मी बघितला नव्हता. टँकरवर घागरी लावून बसलेल्या बायकांना मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "आमचे मामा दोन तांब्यांवर दिवस काढतात. उरलेलं मुक्या जनावराला." सांगताना आवाज जरा मोठाच ठेवला. बायकांनी घरी जाऊन नवऱ्यांना सांगितलं, नवऱ्यांनी पारावर. आठवड्याभरात सचिवांनी डेअरीच्या फळ्यावर, फॅटच्या दरांच्या खाली, खडूनं लिहिलं: पाणी जपा, दोन तांब्यांचा आदर्श घ्या. मामांनी ते वाचलं आणि काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, मोठ्या मनाची माणसं अशीच गप्प असतात.

आता खरं सांगते. मला सगळं कळत होतं. त्यांची धोतरं मीच धूत होते. पुढच्या बाजूला डाग असायचे, थेंबाथेंबाचे. ते पहाटे तीन-चारदा मोरीकडे जायचे आणि तिथे फार वेळ लागायचा, हेही मला माहीत होतं. पण सुनेनं सासऱ्याला असलं काय विचारायचं? आणि सासऱ्यानं सुनेला काय सांगायचं? मी धोतरं धुऊन, झटकून, वाळत घातली आणि तोंड मिटून घेतलं. माझं एवढं तोंड, पण ज्या एका जागी उघडायला हवं होतं तिथे ते उघडलं नाही. पाण्याची बढाई मात्र गावभर केली.

शेजारचे आबा मामांच्याच वयाचे. दोघं बालपणापासूनचे जोडीदार. आबांना ईर्ष्या फार. "तुजा सासरा दोन तांब्यांवर, तर मी कावून न्हाई?" असं मला अंगणातून ओरडून म्हणाले आणि त्यांनीही पाणी तोडलं. मी हसले.

एका सकाळी मामांना सर्दी झाली होती. त्यांनी किराणा दुकानातून सर्दीची गोळी आणून घेतली आणि डेअरीत जाऊन बसले. त्या दिवशी रांगेत तंटा झाला आणि संकलन लांबलं. घरी आले तेव्हा चालताना कमरेत वाकले होते. खाटेवर पडले, उठले, मोरीत गेले, तसेच परत आले. पुन्हा गेले. मी विचारलं तर "पोटात ग्यास धरलाय" एवढंच. दुपार होईस्तोवर त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब जमले आणि पोट खालून ताणलेलं दिसायला लागलं. खाटेची दोरी मुठीत धरून ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी पदर खोचला आणि जन्मात कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"मामा, लघवी कवापासून झाली न्हाई?"

त्यांनी खाटेची दोरी आणखी घट्ट आवळली. मग भिंतीकडेच बघत म्हणाले, "पहाटंपासून."

संकलन लांबल्यामुळे दुधाची गाडी अजून डेअरीपुढेच होती, कॅन चढवत होते. तिची वाट अंबाजोगाईवरूनच जात होती. मामांना कॅनच्या मधल्या फटीत गोधडीवर बसवलं आणि मी शेजारी. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या तोंडून आवाज निघायचा, आणि मी ड्रायव्हरला शिव्या घालायचे. शिव्या खरं तर मी मलाच घालत होते.

सरकारी दवाखान्यात माझ्याच वयाची डॉक्टरीण होती. तिला बघून मामांनी डोळेच मिटून घेतले. तिनं आधी लघवी काढायची नळी घातली. पिशवी भरली, तिनं ती रिकामी केली, ती पुन्हा भरत गेली. मामांचा चेहरा हळूहळू सैल पडत गेला आणि डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे उतरलं. मग तिनं विचारायला सुरुवात केली. किती दिवसांपासून त्रास आहे, किती वेळा उठावं लागतं, धार बारीक येते का, नंतर थेंब पडतात का. मामा छताकडे बघत राहिले. तिनं पुन्हा विचारलं. तेव्हा त्यांनी हात उचलून माझ्याकडे केला.

"तिला इचारा. तिला समदं ठाव हाय."

म्हणजे मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. मी जमिनीकडे बघत एकेक उत्तर दिलं. डाग, पहाटेचं उठणं, मोरीतला वेळ, सगळं. मला लाज वाटली ती त्या गोष्टींची नाही. एवढं सगळं मला पाठ होतं आणि मी गप्प होते, याची वाटली.

डॉक्टरणीनं रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. दोन दिवसांनी आम्हाला समोर बसवून तिनं कागदावर चित्र काढलं. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती पुरुषाला एक ग्रंथी असते. तिला प्रोस्टेट म्हणतात. वय झालं की ती फुगते आणि नळी आवळते. "साधी वाढ आहे, कॅन्सर नाही," ती म्हणाली, "पण पाणी तोडणं, तासन् तास दाबून बसणं आणि वर ती सर्दीची गोळी, यानं बाबांची लघवी अडली. अशी गोळी न विचारता पुन्हा घ्यायची नाही."

मामा हळूच म्हणाले, "पानी कमी पिलं तर कमी लागंल, आसं वाटलं मला. मधीच उठायचं कसं?"

तेव्हा मला कळलं. वगार, दुष्काळ, मन मोठं, हे सगळं माझं होतं. त्यांचं नुसतं एवढंच होतं, की खुर्चीवरून उठावं लागू नये.

डॉक्टरणीनं पथ्य सांगितलं. औषधाची गोळी रोज. पाणी दिवसभर थोडं थोडं, दिवेलागणीनंतर अगदी घोटभर. चहा दोनच वेळा. तंबाखू बंद. तिखट आणि तळलेलं कमी. पालेभाजी, शिजवलेला टोमॅटो, जवस, भोपळ्याच्या बिया चांगल्या. पोट साफ राहिलं पाहिजे. रोज चालणं. "खाण्यानं ग्रंथी विरघळत नाही हं," तिनं बजावलं, "पण शरीर साथ देतं. आणि एक तासापेक्षा जास्त एका जागी बसायचं नाही. लागली की जायचं. दाबायची नाही."

"मंग खुर्ची सोडतो," मामा म्हणाले.

पुढचे काही दिवस नळी तशीच होती. मामा धोतराखाली पिशवी लपवून घरातच बसले. डेअरीत सचिव खुर्चीवर बसले आणि रोज भांडणं झाली. एकानं तर दुसऱ्याची किटलीच लाथाडली. ते ऐकून मामांना जेवण जाईना. नळी निघाली, औषध लागू पडलं, पण माणूस उतरत चालला. उठून लघवीला जाणारा टेस्टर व्हायचं नाही म्हणून ते टेस्टरच राहायला तयार नव्हते. असला हट्ट. मला संताप यायचा आणि रडूही यायचं.

मी पथ्याच्या मागे लागले. डेअरीतलं एक अर्धा लिटरचं माप जुनं झालं होतं, ते मागून आणलं. त्या मापानं मी त्यांना पाणी द्यायचे, कारण तांब्याशी ते लबाडी करायचे आणि मापाशी त्यांना लबाडी करता यायची नाही. न्याहारीला एक माप, अकराला एक, जेवणाबरोबर एक, चारला एक. "पिलं न्हाई तर मी चालले गोदाकाठी माहेरी," असा दम द्यायचे. ते म्हणायचे, "तितं बी वाळूच उरली हाय आता," आणि प्यायचे.

भाजीचा प्रश्न होता. त्या उन्हाळ्यात हिरवं पान दिसत नव्हतं. पण डेअरीत कॅन धुतात. सोड्यानं घासायच्या आधी नुसत्या पाण्यानं विसळतात, आणि ते पांढरट पाणी मागच्या बाजूला वाहून जायचं. मी त्याला फावड्यानं वाट करून दिली आणि डेअरीच्या मागे चार वाफे केले. तांदुळजा आला, टोमॅटो आले, लाल भोपळ्याचा वेल पत्र्यावर चढला. बायका बघायला यायच्या. भाकरीबरोबर तांदुळजाची भाजी आणि जवसाची चटणी, मिरची जेमतेम. भोपळ्याच्या बिया पत्र्यावर वाळवून, भाजून त्यांच्या खिशात भरायचे. तंबाखूची पुडी असायची त्याच खिशात. पहिल्या दिवशी त्यांनी सवयीनं बी गालात धरली आणि बराच वेळ तशीच ठेवली. मी म्हटलं, "मामा, चावायची असती ती." त्या आजारानंतर ते पहिल्यांदा हसले.

चालायला म्हणून सांगितलं तर ते गेले नसते. म्हणून नवऱ्याचा डबा छावणीत पोचवायचं काम मी त्यांच्या गळ्यात घातलं. अर्धा तास जायला, अर्धा तास यायला. म्हशींच्या पाठीवर हात फिरवून यायचे आणि घरी येऊन कुठल्या म्हशीनं काय खाल्लं ते मला सांगायचे.

शेवटी सचिव स्वतः घरी आले. म्हणाले, "येका सकाळचं तरी या. संघातनं माणूस येनार हाय, त्याच्यापुडं भांडान नको." संघ म्हणजे आमचं दूध जिथे जायचं तो. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचं माप पुढे केलं. त्यांनी ते पूर्ण प्यायलं आणि टोपी घातली. मी वाफ्यांना पाणी धरायच्या निमित्तानं मागोमाग गेले.

रांग लागली होती. मामांना खुर्चीवर बघून लोक आपोआप सरळ उभे राहिले. फळ्यावर दोन तांब्यांचा आदर्श तसाच होता. पहिला तास नीट गेला. मी मागच्या दारातून बघत होते. मग त्यांचा पाय टेबलाखाली हलायला लागला. एक किटली झाली, दुसरी झाली. ते टेबलाची कड धरून बसले होते. मला ओरडावंसं वाटत होतं, पण सगळ्या गावापुढे मी काय ओरडणार?

तेवढ्यात आबांचा नंबर आला. ओठ सुकलेले, एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकत उभे. किटली टेबलावर ठेवत म्हणाले, "आता मी दीड तांब्यावर आलोय. तुज्याबी फुडं गेलो बे."

रांग हसली. मामा हसले नाहीत. ते आबांच्या त्या हलणाऱ्या पायांकडे बघत राहिले. मग टेबलावर दोन्ही हात टेकवून ते उभे राहिले. सतरा वर्षांत पहिल्यांदा. हसणं थांबलं.

"आयका," ते म्हणाले. "मी पानी वाचिवलं न्हाई. मला लघवीचा तरास हुता. मधीच उटावं लागू नये म्हनून पीत नव्हतो. लाज वाटायची. मरायला टेकलो, मंग या सुनंनं दवाखान्यात न्हेलं. ते फळ्यावरचं पुसा आदी." आणि आबांकडे वळून हळू म्हणाले, "आन तू बी उद्या अंबाजोगाईला माज्यासंगं चल. मला दिसतंय तुजं."

आबांनी मान खाली घातली. रांगेत मागे उभ्या असलेल्या दोघा-तिघांनीही नजर चुकवली.

"आता मी लघवीला जाऊन येतो," मामा म्हणाले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, मला मागच्या दारात बघितलं आणि हातातली काचेची नळी माझ्याकडे धरली. "तवर तू बस माय."

मी चिखलाचे हात पदराला पुसले आणि त्या खुर्चीत बसले. पोतं त्यांच्या अंगानं कोमट होतं. समोर सगळं गाव होतं, संघाचा माणूस होता, आणि सुना अशा जागी बसत नसतात हे प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी डोक्यावरचा पदर सारखा केला, आबांच्या दुधात नळी सोडली आणि डोळा दुधाच्या बरोबरीला आणला. नळी स्थिर व्हायला वेळ लागला.

मामा निवांत गेले आणि निवांत आले. घाई केली नाही, हे मी ऐकत होते. येऊन ते माझ्या बाजूला उभे राहिले. रांग जशीच्या तशी होती.

"किती?" त्यांनी विचारलं.

"सव्वीस."

आबा म्हणाले, "लाव परत, लाव. तुला पटायचं न्हाई."

मामांनी नळी माझ्या हातातून घेतली, फडक्यानं पुसली आणि टेबलावर ठेवली. मग वहीत सव्वीस लिहिलं आणि पुढच्या बाईला म्हणाले, "आण माय, तुजी किटली."